आधी पाया, मग दिशा

(न्हावा शेवा परिसरातील पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर येथील गावे पिढ्यान्‌पिढ्या जगली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पाच जणांनी प्राण वेचले. २६ मे १९८९ रोजी बंदराचे उद्घाटन झाले. ज्यांची शेते गेली, त्यांच्या हातचे परंपरागत कौशल्यही त्यांबरोबर गेले. मुलाबाळांच्या हाती देण्याजोगा खात्रीचा वारसा आता शिक्षणाचाच.

म्हणूनच मुलाची दिशा लवकर पक्की करण्याची पालकांची घाई समजण्यासारखी आहे. कोणी त्याला आठवीपासून प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीस घालतो. मग भाषा, इतिहास, चित्रकला अडगळीत जातात. कोणी म्हणतो, बंदर दाराशी आहे, तिथे लागेल तेवढेच काम शिकवा. दोन्ही वाटा वेगळ्या दिसल्या तरी चूक एकच आहे : चाळिशीतल्या माणसाचे भवितव्य तेराव्या वर्षी ठरवून टाकणे.

याचे उत्तर बंदरानेच दिले आहे. गोदीत पाठीवरून पोती वाहणाऱ्या हातांचे काम कंटेनरने हिरावून घेतले. कंटेनर उचलण्यासाठी क्रेनचालक आला. आज क्रेन दूर बसून चालवण्याचे तंत्रही आले आहे. शाळेत शिकलेले एखादे यंत्र मूल कर्ते होईपर्यंत मोडीत निघू शकते. नेमके वाचणे, स्वच्छ लिहिणे, हिशेब करणे आणि जगाचा नकाशा जाणणे मात्र मोडीत निघत नाही. मालाचे साधे कागदपत्र तयार करायचे म्हटले, तरी भाषा, गणित आणि भूगोल एकत्र लागतात.

मग हस्तकौशल्याला शाळेत स्थान नको काय? अवश्य हवे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून शाळांत गेलेल्या उपक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही क्षेत्रांतील कामे करतात. लाकूड मापताना भूमिती कळते, रोप वाढवताना जीवशास्त्र उमगते. हात एका धंद्याला जखडले जात नाहीत. उलट बुद्धीला हातांची जोड मिळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला, विज्ञान आणि व्यवसायशिक्षण यांमधील भिंती पाडण्याचे सूत्र स्वीकारले. सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना अनुभव सुचवला. हे दिवस सहलीत उरकले जातात की खऱ्या कामात जातात, यावर पालकांनीच लक्ष ठेवले पाहिजे.

समाजाला तज्ज्ञ हवेतच. परंतु विशेषज्ञता हा कळस आहे आणि दहावीपर्यंतचे सर्वांगीण शिक्षण हा त्याचा पाया. बदलाची झळ ज्या भूमीने सोसली, तिच्या मुलांना पुन्हा शिकण्याची शक्ती देणे, हेच पालकांचे कर्तव्य आहे.