ताओताई आणि तिचे मालक

म्हाताऱ्या मालकाची सेवा करणारी बाई आपण अनेक चित्रपटांत पाहिली आहे. सेवा करणारीच म्हातारी झाली तर? हाँगकाँगच्या दिग्दर्शिका ॲन हुई यांचा २०११ सालचा चित्रपट ‘अ सिंपल लाइफ’ हेच विचारतो. भाषा कँटोनीज. मूळ नावाचा अर्थ साधारण ‘ताओताई’ असा.

आ ताओने एकाच घराण्यात साठ वर्षं चूल सांभाळली. आता घरात उरलाय एकटा रॉजर, चित्रपट निर्माता. ती जेवण वाढते, तो मुकाट्याने जेवतो. कौतुकाचा शब्द नाही. मग एक दिवस तिला पक्षाघाताचा झटका येतो आणि ती स्वतःच म्हणते, मला वृद्धाश्रमात ठेव. तिथे रॉजर तिला भेटायला येऊ लागतो. कुणी विचारलं की सांगतो, मी हिचा मानलेला मुलगा.

गंमत अशी, की रॉजर झालेले अँडी लाऊ प्रत्यक्षातही आ ताओ साकारणाऱ्या डीनी यिप यांचे मानलेले पुत्र! कथाही खरीच, निर्माते रॉजर ली यांच्या घरातली.

रडवण्याची सोय जागोजागी होती, पण दिग्दर्शिकेने ती वापरली नाही. मला या चित्रपटाचं मोठेपण तिथेच वाटतं. डीनी यिप यांना या भूमिकेसाठी २०११च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.