सीमेवरचे उपाहारगृह आणि एक टोपणनाव



गोल बाजारातील लाल मिरचीचा ठसका रायपूरकरांना नवा नाही. पण ही मिरची परदेशातून आलेली आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. तिचे मूळ मेक्सिकोतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मराठी स्वयंपाकघरात अशी रुळली, की आज तिच्यावाचून ठेच्याची कल्पनाही करवत नाही. तिला इकडे आणणाऱ्या खलाशांची नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. खाण्याच्या जिनसा दूरवर जातात, माणसे मागे राहतात. त्याच मेक्सिकोतून विसाव्या शतकात निघालेल्या एका पदार्थाबरोबर मात्र माणसाचे नावही निघाले. तो पदार्थ म्हणजे नाचोज.

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी पिएद्रास नेग्रास हे गाव आहे. पलीकडच्या तीरावर अमेरिकेतील टेक्सास राज्याचे ईगल पास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ईगल पासजवळ वैमानिकांना शिक्षण देणारा लष्करी तळ होता आणि पूल ओलांडला की परदेश, अशी स्थिती होती. अलीकडच्या गावात ‘व्हिक्टरी क्लब’ नावाचे उपाहारगृह होते. पाहुण्यांची सरबराई पाहण्याचे काम तेथे इग्नासिओ आनाया याच्याकडे होते. त्याचा जन्म १८९५ चा. म्हणजे ही हकीकत घडली तेव्हा तो पन्नाशीच्या जवळ आलेला होता.

साल बहुधा १९४३. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या पत्नी पलीकडून आल्या होत्या. त्यांना काही खायला हवे होते आणि स्वयंपाकी जागेवर नव्हता. ‘आज काही मिळणार नाही’ असे आनायाने सांगितले असते, तरी त्याला कुणी दोष दिला नसता. स्वयंपाक हे त्याचे कामच नव्हते. पण दारी आलेला पाहुणा विन्मुख जाऊ नये, ही भावना कोणत्याही एका देशाची मिरास नव्हे. तो स्वतः आत गेला. मक्याच्या पातळ भाकरीचे तुकडे त्याने कुरकुरीत तळले, त्यांवर चीज किसून घातले, चीज वितळेपर्यंत ते भट्टीत ठेवले आणि प्रत्येक तुकड्यावर आंबवलेल्या हालापेन्यो मिरचीची एकेक चकती ठेवली. एवढेच. पाहुण्यांना ते फार आवडले. दत्तात्रेयाचा जसा दत्तू होतो, तसा स्पॅनिशमध्ये इग्नासिओचा ‘नाचो’ होतो. म्हणून त्या बशीला ‘नाचोची खास’ असे नाव मिळाले. पुढे ‘खास’ गळले आणि ‘नाचोज’ उरले.

पदार्थ सीमा ओलांडून टेक्सासमध्ये पसरला. १९७६ च्या सुमारास तेथील बेसबॉलच्या क्रीडागारात पातळ केलेले, ओतता येणारे चीज घालून तो विकला जाऊ लागला. रांगेतल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे नाही, हा व्यापारी हिशेब त्यामागे होता. आनायाच्या हातचे किसलेले चीज तेवढे या सोयीत हरवले.

आणि खुद्द आनाया? त्याच्या मुलाने पुढे वकिलाचा सल्ला घेतला. मधे फार वर्षे लोटली होती. पदार्थ आता सर्वांचा झाला असून त्यावर हक्क सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्यात अन्यायच आहे असेही म्हणता येत नाही. पाककृतीवर मालकी चालली असती, तर १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे मानला जाणारा वडापाव महाराष्ट्रभरच्या हजारो गाड्यांवर पोहोचला नसता आणि त्या गाड्यांवर चालणारे संसार उभे राहिले नसते. तरीही पैसा नाही तर निदान नाव तरी द्यावे, एवढी अपेक्षा रास्त ठरते. वैद्यांचे नाव पदार्थात नाही. आनायाचे आहे, पण ते माणसाचे नाव आहे हेच बहुतेक खाणाऱ्यांना माहीत नसते.

व्हिक्टरी क्लब बंद झाल्यावर आनायाने त्याच गावात स्वतःचे छोटे उपाहारगृह काढले. १९७५ मध्ये तो वारला. क्रीडागारातली विक्री त्यानंतरची. पिएद्रास नेग्रासमध्ये त्याच्या स्मरणार्थ फलक लावलेला आहे आणि तेथे ऑक्टोबरात नाचोजचा उत्सव भरतो.