भागधारकाचा प्रश्न

कंपनीच्या भागधारकाला आपण मालक म्हणतो खरे. पण वर्षाचा लाभांश पदरात पडला की आपण मालक आहोत याचे त्याला विस्मरण होते. हा मालक जागा होऊन जाब विचारू लागला, तर काय घडते? बंगळुरू नगरीने ते २०१७ साली पाहिले.

इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात १०,००० रुपयांच्या भांडवलावर उभी राहिली आणि १९८३ साली बंगळुरूला आली. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती २०१७ साली कोणत्याही पदावर नव्हते. होते ते केवळ भागधारक. २०१५ साली पनाया ही इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरना घेतली ती कशासाठी, आणि कंपनी सोडणाऱ्या वित्तप्रमुखाला १७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम देण्याचे का ठरले, असे त्यांचे प्रश्न होते. पैसा भागधारकांचा, तेव्हा प्रश्न रास्तच होते. परंतु ते सभेपेक्षा वृत्तपत्रांतून अधिक गाजले.

१८ ऑगस्टला मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाने त्याचा दोष मूर्तींना दिला. त्या एका दिवसात समभागाचा भाव नऊ टक्क्यांहून अधिक कोसळला. २४ ऑगस्टला अध्यक्ष पायउतार झाले आणि त्यांच्या जागी दुसरे संस्थापक नंदन निलेकणी आले. पुढे ऑक्टोबरमध्ये या नव्या मंडळानेही पूर्वीच्या चौकशीचाच निष्कर्ष कायम केला : गैरव्यवहार आढळला नाही.

मग हा खटाटोप व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. उद्या कोणी विचारील, ही जाणीव हाच संचालकांवरचा मोठा अंकुश होय. मात्र जाब विचारला एकाने, आणि त्या दिवशी घाबरून समभाग विकणाऱ्या लहान भागधारकाने, अवाक्षर न काढता, त्याची किंमत मोजली.

म्हणूनच मार्गाला महत्त्व आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एक-दशांश मतभांडवल असणाऱ्यांना विशेष सभा मागता येते, साध्या बहुमताने संचालकास दूर करता येते. मोठ्या कंपन्यांच्या भागधारकांना घरबसल्या मतही देता येते. सभेत दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि अखेर मते मोजली जातात. वृत्तपत्रातील वादाला मतमोजणी नसते.

सभेची सूचना न वाचताच आपण बाजूला सारतो. वर्षानुवर्षे मौन पाळायचे आणि एखाद्या वजनदार आवाजाने घर हादरले की कुरकुर करायची, हे मालकाला शोभणारे नव्हे.