आकाशातलं बोलणं ऐकणारी माणसं

आज जरा वेगळाच विषय आणलाय. लढाऊ विमानांचे वैमानिक एकमेकांशी जे बोलतात, ते रेडिओवर ऐकत बसायचा छंद असलेली माणसं जगात आहेत. मला हे माहीतच नव्हतं. माझी भाची वेल्समध्ये नर्स आहे, तिच्यामुळे कळलं.

सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या एका डोंगरावर गेली होती. त्या खोऱ्याला मॅक लूप म्हणतात. तिथे लढाऊ विमानं सरावासाठी इतकी खालून जातात, अडीचशे फुटांपर्यंत, की डोंगरावर उभं राहिलं तर विमान आपल्या पायाखालून जातं आणि वैमानिकाचं हेल्मेटसुद्धा दिसतं. वर गवतात पंधरा-वीस माणसं बसलेली. बहुतेक निवृत्त आजोबा, दोन-तीन बायकाही. चहाचा थर्मास, कॅमेरा आणि काहींच्या हातात वॉकीटॉकीसारखं छोटं यंत्र. त्याला स्कॅनर म्हणतात.

आता हे यंत्र करतं काय? तुमच्या हातातला एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याच्या जरा पुढे, 118 ते 137 मध्ये, प्रवासी विमानं बोलतात. आणखी पुढे, 225 ते 400 च्या दरम्यान, लष्करी विमानं. स्कॅनर या सगळ्या जागा भराभर चाचपत जातो आणि कुठे आवाज सापडला की थांबतो.

गंमत अशी, की बऱ्याचदा अर्धंच बोलणं ऐकू येतं. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. विमान तीस हजार फुटांवर असेल तर तीनशे किलोमीटरवरूनही वैमानिक ऐकू येतो. पण त्याला उत्तर देणारा माणूस जमिनीवर, डोंगराआड, तो ऐकूच येत नाही. शेजारीण फोनवर बोलत असते आणि आपण पलीकडचं मनाने भरून घेतो ना, तसंच. महत्त्वाचं बोलणं तर आता सांकेतिक असतं, नुसती खरखर. तरी माणसं तासन् तास बसतात, वहीत वेळ आणि विमानाचं टोपणनाव लिहितात.

अमेरिकेच्या हवाई दलाचे काही संदेश शॉर्टवेव्हवर जगभर ऐकू येतात. एक माणूस शांतपणे अक्षरं वाचत असतो: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. आपण फोनवर ‘ब बदकाचा’ म्हणतो तसंच ते, खरखरीत बी आणि डी सारखेच वाटतात म्हणून. त्या अक्षरांचा अर्थ बाहेरच्या कुणालाच कळत नाही. अर्थ कळत नसताना वर्षानुवर्षं ऐकायचं, हे मला काही झेपत नाही. पण आपणही मालिका बघतोच की.

कायद्याचंही सांगते. ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घेता येतो, पण आपल्यासाठी नसलेलं बोलणं मुद्दाम ऐकणं तिथल्या 2006 च्या कायद्यात गुन्हा आहे. तरी छंद चालतो. आपल्याकडे असली यंत्रं विनापरवाना ठेवताच येत नाहीत, तेव्हा कुणी मागवायला जाऊ नका.

पण हेच ऐकण्याचं काम एके काळी बायकांनी नोकरी म्हणून केलंय. दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, इंग्लंडच्या केंट भागात समुद्रालगत जर्मन येणाऱ्या तरुण मुली कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि जर्मन वैमानिकांचं बोलणं टिपून घ्यायच्या. त्यातल्या एलीन क्लेटन यांनी 1980 मध्ये ‘द एनिमी इज लिसनिंग’ हे पुस्तक लिहिलं. जर्मन वैमानिक विमानातून मोकळेपणी बोलायचे. एकाच्या तोंडून उंची, दुसऱ्याच्या तोंडून दिशा, तिसऱ्याच्या तोंडून जागेचं नाव. एकेक चिंधी काही कामाची नाही, पण या मुली गोधडी शिवायच्या.

त्यात एक टेहळणी करणारा वैमानिक होता. त्याचं टोपणनाव ‘आम्सेल’, म्हणजे एक काळा गाणारा पक्षी. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय हे त्याने ओळखलं होतं, तो मुद्दाम इंग्रजीत त्यांची चेष्टा करायचा. मुलींना तो आवडायला लागला. मग एक दिवस ब्रिटिश विमानांनी त्याला गाठलं. विमान पेटलं, त्याला बाहेर पडता येईना, आणि रेडिओ चालूच होता. तो आईला हाका मारत खाली गेला. त्याची खबर देणाऱ्या याच मुली. आवाज थांबला तेव्हा एलीन बाहेर गेल्या आणि त्यांना उलटी झाली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा मुलगा हवाई दलात आहे, जमिनीवरच्या कामाला. 2025 च्या मे महिन्यात त्याचा फोन आला: सुट्टी रद्द, दुसरीकडे जातोय. मी काय केलं? गटाच्या ग्रुपवर टाकलं, गावाच्या नावासकट, ‘देवाला दिवा लावा’ म्हणून. एप्रिलमध्येच मंत्रालयाने सगळ्या माध्यमांना बजावलं होतं, सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. मी या केंद्रावर बोलते, मला ते माहीत होतं. पण ग्रुप म्हणजे आपल्या चारचौघी, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत कऱ्हाडच्या नणंदेचा फोन: पोरगा अमक्या ठिकाणी गेला म्हणे? तिला ते तिच्या ग्रुपवर कळलं होतं.

रात्री मुलाचा फोन. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “आई, ते काढून टाक.” माझं मी काढलं. बाकीच्या किती फोनांत राहिलं, देव जाणे.

आता तो फोन करतो तेव्हा मी विचारते, जेवलास का. तो म्हणतो, जेवलो. मग मी पावसाचं सांगते, म्हैस व्याल्याचं सांगते. कधीकधी त्याच्या मागे मोठी घरघर ऐकू येते आणि तो बोलायचा थांबतो. मीही थांबते. घरघर गेली की विचारते, भाजी कसली होती.