सनद साडेसातशेची, उमेदवारी कितीची?

(वसंत व्याख्यानमालेत धुळे येथे दिलेल्या व्याख्यानातील संपादित भाग)



धुळ्यात वकिलीवर बोलायचं आणि लळिंगच्या लांडोर बंगल्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. 1937 च्या जुलैअखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या न्यायालयात एका खटल्यासाठी आले, तेव्हा त्यांचा मुक्काम त्या बंगल्यात होता. दर 31 जुलैला तिथे लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली आहे. पण त्या वकिलाला सनद घेताना काय सोसावं लागलं, ते फारसं सांगितलं जात नाही. 1923 मध्ये ते बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. उच्च न्यायालयात उभं राहायला सनद हवी होती आणि सनदेला पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी 500 रुपये दिले, तेव्हा कुठे काम सुरू झालं. पुढची अडचण पैशांनी सुटणारी नव्हती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांत, बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरमार्फत. पक्षकाराशी बोलणं, कागद तयार करणं सॉलिसिटरचं. कोर्टात उभं राहणं बॅरिस्टरचं. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या बॅरिस्टरला कोण ब्रीफ देणार? म्हणून त्यांनी खालच्या कोर्टांतली आणि जिल्ह्यांतली कामं घेतली.

आजही वकिलीत शिरायला लागतात ते पैसे वेगळे आणि शिरल्यावर टिकायला लागतात ते वेगळे. आपण चर्चा करतो ती नेहमी पहिल्या पैशांची. खानदेशातली पोरं अडतात ती दुसऱ्यापाशी.

पहिल्या बाबतीत मोठा दिलासा मिळाला आहे. वकिलांच्या 1961 च्या कायद्यातल्या कलम 24 मध्ये नोंदणीची फी लिहून ठेवलेली आहे: राज्याच्या बार कौन्सिलला 600 आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150, मिळून 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. तरीही कुठे 15 हजार, तर ओडिशात 42 हजारांपर्यंत रक्कम निरनिराळ्या नावांखाली घेतली जात होती. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी हे बंद केलं. कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि अशी जादा फी गरीब व वंचित घरांतल्या मुलांची वाट अडवते, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

पण नुसत्या सनदेने भागत नाही, अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. तिची फी सर्वसाधारण उमेदवाराला 3,500 रुपये, म्हणजे सनदेच्या चौपटीहून जास्त. त्यात 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. थोरल्या भावाची किंवा सिनिअरची जुनी पुस्तकं वापरून शिकण्याची सोय होती, ती फौजदारीत पुष्कळशी गेली.

आणि मग उमेदवारी. रावेर-यावलच्या केळीवाल्याचा किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा सिनिअरकडे रुजू होतो. सकाळी ऑफिस उघडायचं, बोर्ड बघायचं, पुकारा होईल तेव्हा तारीख घ्यायची, नकलेचे अर्ज लावायचे, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. महिन्याकाठी हातात काय पडतं? सिनिअर देतील ते. काही सिनिअर मनापासून देतात, काही पेट्रोलपुरतं, काही काहीच देत नाहीत आणि शिकायला मिळतंय ना, असं म्हणतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं आहे, बंधन नाही.

त्यानंतर 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायासनावर बसणाऱ्याने कोर्ट आतून पाहिलेलं असावं, हे मला पटतं. पण विनावेतन किंवा तुटपुंज्या पैशांवर काढायची ती वर्षं आता न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यालाही चुकणार नाहीत. शिरपूर-चोपड्याकडच्या मुलींचा विचार करा. शिक्षण संपलं, कमाई नाही, घरी स्थळं पाहणं सुरू. तीन वर्षं थांबणारं घर तिला मिळेलच असं नाही. ही अट पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी कागदावर एकच आहे, घरात एकच नाही.

कुणाला सॉलिसिटर व्हायचं असेल तर? 1977 पासून कायद्याने हा वेगळा वर्ग उरला नाही, सगळेच ॲडव्होकेट. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आपली परीक्षा आजही घेते आणि मुंबईच्या फर्ममध्ये तिला वजन आहे. त्याआधी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षांची आर्टिकलशिप. म्हणजे तीन वर्षं मुंबईची खोली आणि मुंबईचा डबा. ज्याचा काका-मामा दादर-डोंबिवलीत आहे, त्याला हे निभतं. बाकीच्यांना उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ जवळचं, पण तेही धुळ्या-जळगावहून दीडशे किलोमीटरच्या आसपास; तिथेही खोली लागतेच.

म्हणून इथल्या ज्येष्ठ वकिलांना माझी विनंती आहे. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडच्या वकील संघांनी ज्युनिअरसाठी निधी काढावा. वर्षाला पाच-दहा मुलामुलींना दोन वर्षं दरमहा ठरलेली रक्कम मिळेल एवढा तरी. निवड उघडपणे व्हावी, आडनाव आणि ओळख बघून नव्हे. पैसे थेट त्यांच्या खात्यात जावेत, म्हणजे सिनिअरपुढे हात पसरायला नको. ज्यांची वकिली चांगली चालते, त्यांनी वर्षाला एका दाव्याची फी या निधीत टाकावी. इथल्या काही मान्यवरांशी मी आधी बोललो आहे. त्यांनी होकार दिला आहे आणि पहिली रक्कम कधी जमा करायची, ते इथल्या वकील संघाच्या पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.