तण काय सांगतं?

घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती खणली. जळालेलं धान्य मिळालं. जुन्या वस्त्यांत अशा धान्यासोबत तणाचं बीही सापडतं. शास्त्रज्ञ ते ओळखतात, मग आज उगवणाऱ्या त्याच तणाची पानं मोजतात. पान रुंद, पातळ असलं तर ते खतावलेल्या मातीचं. बारीक, जाड असलं तर हलक्या मातीचं. एका तणावर विसंबत नाहीत, सगळी मिळून बघतात.

आपल्या म्हाताऱ्यांना हे नवं नाही. वरकसावर कुसळी माजली की माती दमली, हे ते न मोजताच सांगतात.

आता दाव्याचं. वनहक्क नियमांत तणाचं नाव नाही, उगीच आशा नको. पण बांध, सपाटीकरण आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे आहेत. एकाहून जास्त लागतात, आणि जबाब दावेदाराचा नाही, दुसऱ्याचा. त्यात नुसतं ‘पूर्वीपासून कसतो’ लिहू नका. राब कुठं भाजायचे, नागली कुठं, वरई कुठं, कुठला तुकडा कधी पडीक टाकला, तिथं काय माजलं, सगळं लिहा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं आठवून सांगायचंय.