आईचे रक्त आणि बाळाचे रक्त

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 भाषणे करण्याची मला सवय नाही. माझे आयुष्य परिचारिका म्हणून बाळंतिणींच्या खाटांशेजारी गेले. तेव्हा तेथे जे पाहिले, तेच आपल्यापुढे ठेवते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण मुलगी दिवस भरल्यावर आमच्याकडे बाळंतपणास आली. तोवर तिची एकदाही तपासणी झालेली नव्हती. मुलगा झाला, पेढे आले. परंतु दिवस मावळायच्या आत बाळ पिवळे दिसू लागले आणि तिसऱ्या दिवशी ते लेकरू गेले. आपले वसमत हळदीच्या बाजारपेठेचे गाव; पिवळा रंग आपल्याला शुभाचा. त्या दिवशी मात्र मला तो पाहवेना.

बाहेर ओट्यावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, पांढऱ्या पायाची आहे. कुणी म्हणे, बाहेरची बाधा आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. रात्री माझा हात धरून तिने सांगितले, की वर्षापूर्वी चौथ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता. लोक काय म्हणतील म्हणून घरच्यांनी ते कुणास कळू दिले नाही. तिचे रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. रक्तगट निगेटिव्ह होता.

भगिनींनो, हे निगेटिव्ह म्हणजे काय? ए, बी, एबी आणि ओ हे चार रक्तगट आपण ऐकले आहेत. त्याखेरीज रक्तकणांवर आरएच नावाचा एक घटक असतो. तो ज्यांच्यात असतो ते पॉझिटिव्ह, नसतो ते निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरांत सुमारे पाच माणसे निगेटिव्ह असतात. हा रोग नव्हे आणि व्यंगही नव्हे.

आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले, की बाळ वडिलांप्रमाणे पॉझिटिव्ह असू शकते. पोटात दोघांचे रक्त निरनिराळे वाहते. पण बाळंतपणात, गर्भ पडताना किंवा पोटाला जबर मार लागला असता बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात शिरते. आईचे शरीर त्यास परके समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. त्यास वेळ लागतो, म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप सुटते. पण पुढच्या खेपेस ही प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याचे रक्तकण फोडतात. बाळ पांढरे पडते, अंगावर सूज येते, कधी पोटातच जाते. जन्मले तर कावीळ होते. ती मेंदूपर्यंत गेली, तर बाळ बहिरे किंवा अपंगही होऊ शकते. त्या मुलीच्या बाबतीत पडलेला गर्भ ही पहिली खेप होती, आणि लपविल्यामुळे ती कुणी मोजलीच नाही.

आरएच घटकाचा शोध १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी प्रसिद्ध केला. या विद्येत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक दुर्मिळ रक्तगट शोधला. सारे जग त्यास ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणते. १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र निघाले, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी ती हीच संस्था.

आणि १९६८ पासून या संकटावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन मिळू लागले. आईच्या शरीराने बाळाचे रक्तकण ओळखण्यापूर्वीच ते त्यांना नाहीसे करते. हे औषध रक्तदात्यांच्या रक्तातूनच बनू लागले. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन या गृहस्थांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्तदान केले आणि त्यातून हे औषधही बनले. २०२५ साली ते वारले. कुठला कोण माणूस, पण किती घरांतील पाळणे त्याने हलते ठेवले!

आता कामाच्या गोष्टी सांगते. दिवस राहताच पहिल्या तपासणीत रक्तगट पाहून घ्यावा आणि तो माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, आशाताईंना विचारावे. आई निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचा गट पाहावा आणि आईची प्रतिद्रव्यांची तपासणी करून घ्यावी. प्रतिद्रव्ये नसतील, तर डॉक्टर अठ्ठाविसाव्या आठवड्यात इंजेक्शन देतात. आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. गर्भ पडला किंवा पाडावा लागला, तरीही ते लगेच विचारावे. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली, की या इंजेक्शनचा उपयोग नाही. मग मोठ्या रुग्णालयात बारकाईने देखरेख ठेवावी लागते. आणि जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळ पिवळे दिसले, तर ऊन दाखवीत घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

काही गैरसमजही दूर करते. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला, तर त्यात काही वाईट नाही. आई पॉझिटिव्ह आणि नवरा निगेटिव्ह असला, तर आरएचचे हे भय नाही. आई ओ आणि बाळ ए किंवा बी गटाचे असले, तर पहिल्या बाळासही कावीळ होऊ शकते, पण ती बहुधा सौम्य असते. आणि मुलीचा गट निगेटिव्ह म्हणून जमलेली सोयरीक मोडणे हा शुद्ध अन्याय आहे. एका इंजेक्शनाने जे टळते, त्यासाठी मुलीला का नाकारावे?

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. पुढच्या खेपेस तिचा नवरा तिला पहिल्या महिन्यांतच मोठ्या शहरातील रुग्णालयात घेऊन गेला. बाळाचे रक्त बदलावे लागले, पण लेकरू वाचले. मात्र पहिले लेकरू परत आले नाही.

म्हणून येथील प्रत्येक सासूबाईस माझी हात जोडून विनंती आहे: सुनेचा गर्भ पडला, तर ते लपवू नका; तिला दवाखान्यात न्या. मूल गेले, तर तिला बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासा.